खारू म्हणते

कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणला होता आणि ते पाकीट शर्टाच्या आत, छातीशी ठेवलं होतं. बाहेर काढल्यावर आधी माझा काउंटर स्वतःच्या बाहीनं पुसला, मगच त्यावर ठेवलं. माझ्या दुकानात धूळ असते हे मला मान्य आहे, पण इतकं तोंडावर कुणी पुसून दाखवलं नव्हतं.

"यातलं सगळं पाहिजे," ते म्हणाले. "जसंच्या तसं."

मी कॉम्प्युटर जोडून देते. दुकान मूळचं माझ्या भावाचं. परदेशी जाताना 'चार महिने सांभाळ' म्हणाला होता, त्याला आता चौदा वर्षं झाली. सुरुवातीला मला माउसची वायर कुठे खोचायची तेही धड माहीत नव्हतं. आता गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं की याला मशीन गेम खेळायला हवंय, की मुलांच्या अभ्यासाच्या नावाखाली स्वतःला हवंय, की शेजाऱ्यानं घेतलं म्हणून हवंय. या गृहस्थांचं मात्र कळेना. पन्नाशी उलटलेली, जाड बोटं, नखांत कायमचं बसलेलं ग्रीस, डावा पाय जरा ओढत चालणं. लिफ्टचे मेकॅनिक होते. एकतीस वर्षं इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनरूममध्ये शिड्या चढून गुडघा कामातून गेला आणि कंपनीनं त्यांना घरी बसवलं. आता घरूनच शेअर बाजार करायचा, सकाळी घ्यायचं आणि बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी मशीन.

असं म्हणणारे महिन्याला दोन-तीन येतात. बहुतेकांना सहा-सहा स्क्रीन हवे असतात, सिनेमात पाहिलेले असतात. मी त्यांना आधीच सांगते की मशीन वेगवान आहे म्हणून पैसा मिळत नाही, आणि हा रोजचा उद्योग करणारे बहुतेक जण शेवटी गमावूनच उठतात. त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं जातात. यांनाही सांगितलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तेही लिहिलंय त्यात. खाली बघा."

मी यादी वाचायला घेतली. हिरवी शाई, बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. डाव्या बाजूला एकेका भागाचं नाव नि मॉडेल, उजव्या बाजूला कारण. प्रोसेसरसमोर लिहिलं होतं, 'बाबा, इथे चिक्कूपणा नको. खूप कोअर नकोत, एका कोअरचा वेग हवा. दहा जण रेंगाळण्यापेक्षा एक पळालेला बरा.' ग्राफिक्स कार्डासमोर, 'साधंच घ्या. दुकानदार महागडं गळ्यात मारेल. आलेख म्हणजे गेम नव्हे.' स्क्रीनसमोर, 'दोनच. मान एकच आहे.' यूपीएससमोर, 'वीज गेली की तुमची लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते ना, तसंच. बॅटरीवर सगळे सौदे मिटवून बाहेर पडायचं. पुढे रेटायचं नाही.' आणि सगळ्यात खाली चौकटीत, 'यात बहुतेक लोक बुडतात. म्हणून पहिले सहा महिने खोट्या पैशांनी. यावर माझ्याशी भांडायचं नाही.'

दुकानदाराबद्दलची ओळ वाचून मला राग यायला हवा होता. मला हसू आलं.

"कुणी केलीय हो ही यादी?"

"मुलीनं. खारूनं."

लहानपणी म्हणे ती स्क्रू, नट, वायरींचे तुकडे गोळा करून घरभर डब्यांत लपवून ठेवायची, खारुताईसारखी. तेव्हापासून खारू.

"तिला म्हणावं, नोकरी हवी असली तर ये. उद्यापासून ठेवते."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की माझं काही चुकलं का असं मला वाटलं. मग कागद पाकिटात सरकवत म्हणाले, "सांगतो."

अडचण अशी होती की यादी चार वर्षांपूर्वीची होती. आमच्या धंद्यात चार वर्षं म्हणजे एक पिढी. तो प्रोसेसर बनायचा बंद झाला होता. ज्या खाचेत तो बसतो ती खाचच कंपनीनं बदलली होती, त्यामुळे ती खाच असलेला बोर्डही मिळणार नव्हता. मी त्यांना समजावलं, त्याच पैशांत याच्या दुप्पट चांगलं मिळेल. ते मान हलवत राहिले.

"नको. हेच."

"अहो भाऊ, हे आता मिळणार कुठून? जुन्या बाजारात कुणाचा तरी वापरलेला बोर्ड सापडेल. तो भर बाजारात बंद पडला तर मुलगी मलाच बोल लावेल."

शेवटी मी बिलबुकाचं एक पान फाडलं आणि त्याच्या मागच्या बाजूला तिलाच चिठ्ठी लिहिली. 'बाळ, तुझी यादी झकास आहे पण जुनी झाली. प्रोसेसर आणि बोर्ड बदलावे लागतील. खाली दोन जोड्या लिहिते, तुला पटेल ती कळव. महागडं गळ्यात मारत नाहीये.' चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"तिला दाखवा. ती ठरवेल."

त्यांनी ती चिठ्ठी यादीमागे, त्याच पाकिटात घातली.

आठवड्यानं आले. "खारू म्हणते, दुसरी जोडी."

"का म्हणून?"

ते गडबडले. "ते... तिनं सांगितलं नाही."

"पहिलीत मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून असेल. हुशार आहे पोरगी."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. परीक्षेत मुलीचा पहिला नंबर आला असावा तसा.

मग हे सुरूच झालं. मी काही सुचवायचं, ते चिठ्ठी घेऊन घरी जायचे, चार-आठ दिवसांनी 'खारू म्हणते' घेऊन यायचे. मी एकदा विचारलं, ती का येत नाही, फोन तरी करायचा. ते म्हणाले, "जमत नाही तिला." मी फार खोदलं नाही. हल्लीच्या मुलांना फोनवर बोलायला जिवावर येतं, त्यातली असेल. मला तो पत्रव्यवहार आवडायला लागला होता. दिवसभर 'प्रिंटर चालत नाही' म्हणून येणाऱ्यांना 'कागद घातलाय का' विचारून माझा मेंदू गंजला होता, आणि इथे कुणीतरी मला खऱ्या शंका विचारत होतं. खारू म्हणते, डिस्क एकच नको, दोन लहान घेऊ, एकीवर सिस्टिम आणि एकीवर नोंदी. खारू म्हणते, स्क्रीन चकचकीत नको, खिडकी मागे आहे, उजेड पडतो. खारू म्हणते, यूपीएसवर कॉम्प्युटरबरोबर इंटरनेटचा डबाही लावायचा, नाहीतर मशीन चालू नि लाइन बंद, असल्या बॅटरीचा काय उपयोग?

दर खेपेला प्रश्न जास्त चांगले होत होते. पोरगी वाचतेय, मला वाटायचं.

एका खेपेला तर तिनं माझी चूक पकडली. नवीन प्रोसेसर जास्त तापतो, म्हणून मी एक उभा, मोठा कूलर सुचवला होता. ते आले आणि काउंटरवर हात टेकून म्हणाले, "खारू म्हणते, कूलरची उंची एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर आहे. तुम्ही दिलेल्या कॅबिनेटमध्ये एकशे पंचावन्नच मावतं. झाकण बसायचं नाही."

मी खोक्यावरचं वाचलं. तीन मिलिमीटर. चौदा वर्षं हेच काम करतेय मी! तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, 'बाळ, तुझं बरोबर, माझं चुकलं. तू एकदा दुकानात येच. तुझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवलीय.' खोटं नव्हतं ते. खिडकीशेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं मेलेल्या कीबोर्डांचा ढीग होता, तो मी त्याच दिवशी उपसला होता.

ते ती चिठ्ठी बराच वेळ वाचत उभे राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि गेले.

चार दिवसांनी दुपारी एक बाई आल्या. साध्या, नीटनेटक्या, दवाखान्यातल्या काउंटरवर असतो तसला बिल्ला साडीवर लावलेला. नंतर कळलं, त्या दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करतात. त्यांनी पर्समधून चिठ्ठ्या काढून काउंटरवर एकीशेजारी एक मांडल्या. सात होत्या. सगळ्या माझ्या.

"ह्या तुम्ही लिहिता?"

"हो. तुम्ही खारूच्या आई का? बसा ना. तुमची मुलगी—"

"आमची मुलगी गेली," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली."

मला आधी कळलंच नाही. 'गेली' म्हणजे परगावी, सासरी, कुठेतरी, असंच डोक्यात आलं. तोंडातून 'कुठे' हा शब्द निघायच्या बेतात होता. मग त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी उभ्यानंच सांगितलं, रोज पेशंटना नियम सांगतात तशा सपाट आवाजात. बावीस वर्षांची होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती, शेवटचं वर्ष. ताप आला, मेंदूत गेला. अकरा दिवस. यादी त्याच्या आधीच्या वर्षी केलेली. बापाचा गुडघा आज ना उद्या जाणार हे तिला दिसत होतं, म्हणून बसल्या जागेवरचं काहीतरी शोधून ठेवलं होतं.

मी काउंटरची कड धरली. "पण मग... ते तर दर वेळी सांगतात, खारू म्हणते..."

"तिच्या वह्या घेऊन बसतात. दिवसभर. तिची पुस्तकं, तिची मासिकं. यांना इंग्रजी धड येत नाही, शब्दकोश घेऊन वाचतात. ती असती तर काय म्हणाली असती ते शोधून काढतात आणि तुमच्याकडे येऊन सांगतात."

तीन मिलिमीटर त्यांनीच शोधले होते. लिफ्टच्या मेकॅनिकनं, शब्दकोश घेऊन.

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं. असं काही असेल हे... मी आत्ता थांबवते. मी त्यांना सांगते."

"नको," त्या इतक्या झटकन म्हणाल्या की मी दचकले. मग त्या खुर्चीवर बसल्या. खिडकीजवळच्या, रिकाम्या. "त्यासाठी नाही आले मी. तीन वर्षं आम्ही जेवताना एकमेकांशी बोललो नाही. मीठ दे, पाणी दे, बस्स. आता हे तुमच्याकडून आले की जेवताना सांगतात, आज खारू असं म्हणाली. पहिल्यांदा मी ताट सोडून उठले. वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. दुसऱ्या वेळी बसून राहिले. आणि आता..." त्यांनी बिल्ला सरळ केला, तो सरळच होता. "आता मी दवाखान्यातून घरी येते ती हेच ऐकायला. मलाही तेच लागलंय."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ग्लास हातात धरून ठेवला.

"किती सामान राहिलंय अजून?"

"एकच. पॉवर सप्लाय. बाकी सगळं आलंय."

"मग मशीन तयार होईल."

"हो. दोन दिवसांत."

"मग तिला बोलायला काही उरणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही अडवून ठेवाल का? थोडे दिवस? माल आला नाही म्हणा. काहीही म्हणा."

हे बरं होतं की वाईट, मला आजही सांगता येत नाही. त्या वेळी मी हो म्हटलं. चिठ्ठ्या त्यांनी मोजून परत पर्समध्ये ठेवल्या आणि बिल्ल्याकडे बघत म्हणाल्या, "दुपारची सुट्टी संपली माझी."

पॉवर सप्लाय तिसऱ्या दिवशी आला. मी तो मागच्या फळीवर टाकला. ते आले तेव्हा म्हटलं, "कंपनीकडूनच माल नाही." ते म्हणाले, "खारू म्हणते, घाई नाही." मी मान खाली घालून खोटंच काहीतरी लिहीत बसले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.  पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्या खेपेला मी चिठ्ठीही दिली, 'बाळ, वॅट थोडे वाढवू का?', आणि ते गेल्यावर शटर अर्धं ओढून रडले. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. पण माझ्या दुकानातल्या त्या खुर्चीवर ती बसणार होती, मी ठरवून टाकलं होतं, आणि आता ती कधीच येणार नव्हती. माझ्यापुरती ती त्या आठवड्यातच गेली होती.

तिसऱ्या खेपेला ते आले, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बॉक्स तुमच्या मागं आहे, ताई. दुसऱ्या फळीवर. साडेसहाशे वॅटचा. मागच्या वेळीही होता."

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"ही येऊन गेली ना तुमच्याकडे?"

मी मान हलवली.

ते खाली बसले. दुखरा पाय लांब केला. 

"मला फसवायचं नव्हतं तुम्हाला. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, तिला म्हणावं ये, नोकरी देते. तीन वर्षांत तिच्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. सगळे म्हणायचे, फार गुणी होती, फार हुशार होती. होती, होती. तुम्ही म्हणालात, ये. मला ते खोडवेना. वाटलं, एवढा एक आठवडा राहू दे."

"भाऊ, मीच..."

"आणि मग तुम्ही चिठ्ठी दिलीत. तिच्या नावानं पत्र आलं, ताई. तीन वर्षांनी. मी ते तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग उत्तर नको का द्यायला?"

मी डोळे पुसले. ते पुसत नव्हते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"तिचं डोकं दुखायला लागलं त्या सकाळी मी कामावर निघालो होतो. एका इमारतीत लिफ्ट अडकली होती. ती म्हणाली, बाबा, डोकं फार दुखतंय. मी बूट घालत म्हणालो, स्क्रीनकडे कमी बघत जा." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "एवढंच बोललो. ती हसली पण होती."

 त्या तापाचं त्या सकाळी कुणाला काय कळणार होतं, असं मी पुटपुटले. डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगितलं असणार. त्याचा त्यांना काडीचा उपयोग झालेला दिसत नव्हता.

थोड्या वेळानं ते उठले. "मशीन जोडून टाकू या. मी जोडतो. तुम्ही फक्त बघा."

मी म्हटलं, आज नको, उद्या दुपारी या, वहिनींना सुट्टीत बोलावते. ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघं आली, वेगवेगळी, दोन मिनिटांच्या अंतरानं. टेबलावर मी सगळं मांडून ठेवलं होतं. त्या जाड बोटांना इतकं हलकं धरता येत असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी बोर्ड कडांना धरून बाहेर काढला. प्रोसेसर खाचेवर नुसता ठेवला, दाबला नाही. मग वरची तरफ खाली करताना तो कर्र आवाज झाला. नव्या माणसाला त्या आवाजानं घाम फुटतो, काहीतरी मोडलं असं वाटतं. वहिनींनी श्वास रोखला.

"घाबरू नकोस," ते बायकोला म्हणाले. "आवाज होतोच. खारू म्हणायची, या आवाजाला जो घाबरला नाही तो मेकॅनिक."

म्हणायची.

वहिनींनी ऐकलं. मीही. त्यांनी स्वतःही ऐकलं असावं, कारण तरफेवरचा अंगठा तसाच राहिला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. वहिनी उठून खिडकीकडे गेल्या, आमच्याकडे पाठ करून रस्ता बघत उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते काम सोडून उठले नाहीत. मेमरीच्या पट्ट्या बसवल्या, कूलरखाली उष्णता ओढणारा लेप लावला, चारही स्क्रू तिरप्या क्रमानं थोडे थोडे आवळले. एकेक वायर त्यांनी बांधली तीही लिफ्टच्या पॅनेलमध्ये बांधतात तशी, काटकोनात. इतकं देखणं मशीन माझ्या दुकानातून आजवर गेलेलं नाही. बटण दाबल्यावर पंखे फिरले, एकदा बारीक 'टिक' वाजलं आणि स्क्रीन उजळला. त्यांनी मला पैसे दिले, मी मोजले नाहीत. वहिनी दवाखान्यात परतल्या.

त्या शनिवारी मी मशीन घेऊन त्यांच्या घरी गेले. खोली तिचीच होती. टेबल भिंतीशी, खिडकी मागे, उजेडाबद्दल तिनं, म्हणजे त्यांनी, सांगितलं होतं तशीच. फळीवर औषधांच्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू, आकाराप्रमाणे. मी दोन स्क्रीन बसवले, यूपीएस लावली, मेन बंद करून बॅटरी किती वेळ टिकते ते बघितलं. एकवीस मिनिटं. वहिनी उंबऱ्यापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. आत आल्या नाहीत.

सोमवारी बाजार उघडताना मी पुन्हा गेले, सगळं नीट चालतंय ना बघायला. त्यांनी सरावाचं खातं उघडलं होतं, खोट्या पैशांचं, कागदावर लिहिलं होतं तसं.  एका कंपनीचा एक शेअर घेतला. नुसता एक. भावाच्या आलेखातल्या लाल-हिरव्या कांड्या वरखाली होत राहिल्या, आम्ही दोघं त्यांच्याकडे टक लावून बसलो. वीस मिनिटांनी भाव थोडा चढला. त्यांनी विकला. पडद्यावर हिरवा आकडा उमटला. इतका लहान, की खरा असता तरी त्यात चहासुद्धा आला नसता.

ते खुर्चीतून अर्धे उठले, दाराकडे वळले आणि ओरडले, "खारू! बघ, बघ लवकर!"

 स्वयंपाकघरात भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ते तसेच वाकलेले, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मी खाली बसून उगाच एक वायर काढली आणि परत लावली, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

वहिनी आल्या. हात ओले होते. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या, मग आत आल्या. त्यांच्या शेजारी उभ्या राहून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "दाखवा. मला दाखवा."

ते सांगू लागले, हिरवं म्हणजे काय, लाल म्हणजे काय.  वहिनींना त्यातलं काही कळत नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्या हुंकार देत राहिल्या. मी पिशवी उचलली आणि दार हळूच ओढून घेऊन निघाले.

पुढचं फार काही नाही. सहा महिने त्यांनी खोट्या पैशांनी सराव केला आणि बहुतेक दिवस गमावलं. मग खरे, थोडेसे घातले, तेही गेले. एके दिवशी त्यांनी आपणहून बंद केलं. जुन्या कंपनीतल्या कुणीतरी लिफ्टच्या तपासणीचे अहवाल टाइप करायचं काम दिलं, ते ते घरून करतात, दोन्ही स्क्रीनवर. वहिनी कधीतरी माउस, नाहीतर प्रिंटरच्या शाईची बाटली न्यायला येतात. एकदा म्हणाल्या, "जेवताना आम्ही पुन्हा गप्पच असतो. मीच एकदा विचारून बघितलं, आज काय म्हणाली खारू? हे कितीतरी वेळ ताटाकडे बघत राहिले. म्हणाले, काही नाही गं." आणि बाटली पर्समध्ये टाकून गेल्या.

परवा भर दुपारी त्यांचा फोन आला.

"मशीन बिघडलं का हो?" मी विचारलं.

"नाही. झकास चालतंय. असाच केला." मग थोडं थांबून म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. येत्या बुधवारी. हिला सुट्टी एकच दिवस मिळतेय."

"मग गुरुवारी मी येऊन बसते तुमच्यापाशी."

"दुकान?"

"राहील बंद एक दिवस."

 त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.